मांडणीची मागची बाजू

दिवाळीच्या आधी आठ दिवस स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी करायची, ही आमच्या घरची जुनी चाल आहे. डबे खाली उतरतात, पितळेच्या भांड्यांना चिंच लागते आणि मांडणी भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली की तिची मागची बाजू दिसते. तिथे काय सापडत नाही! संक्रांतीच्या हलव्याचे दाणे, एकाकी पडलेला चमचा, कुणीतरी कधीतरी खोचून ठेवलेली वाण्याची यादी. समोरून लखलखणाऱ्या मांडणीचा अर्धा संसार मागे चाललेला असतो, हे आपल्याला वर्षातून एकदाच कळते.

माझ्याकडे आणखी एक मांडणी आहे. ती संगणकाच्या पडद्यावर आहे. ‘रीझन’ हे तिचे नाव. स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड नावाच्या कंपनीने ती २००० साली बाजारात आणली. संगणकावर गाणी बांधण्याचे सॉफ्टवेअर, एवढेच तिचे वर्णन केले तर ते खरे आहे, पण पुरेसे नाही. पडद्यावर एकाखाली एक यंत्रे रचलेली दिसतात. एक सूर काढणारे, एक ठेका धरणारे, एक आवाजाला घुमारा देणारे. आणि टॅबची कळ दाबली की सगळी मांडणी गर्रकन पाठमोरी होते! मागे रंगीबेरंगी तारा या यंत्रातून त्या यंत्रात गेलेल्या असतात, आणि वाऱ्यावर दोरी झुलावी तशा त्या क्षणभर झुलतातही. ज्याने कुणी ही कल्पना काढली, त्याने लहानपणी घरच्या रेडिओचे मागचे झाकण नक्की उघडले असणार.

ही मांडणी माझी नव्हे, दादाची. दादा पुण्याला आणि मी सांगलीला. त्याची नोकरी हिशेबाची, जीव मात्र सुरांत अडकलेला. २००४ सालच्या भाऊबीजेला त्याने माझ्या तबकात नोटेऐवजी एक तबकडी ठेवली आणि म्हणाला, “यंदा ओवाळणी ऐकायची आहे.” तीत त्याने बांधलेली एक चाल होती, शब्द मी लिहायचे, गायचेही मीच. तेव्हापासून दर वर्षी एक चाल. पुढे तबकडी गेली, पेनड्राइव्ह आला. ओवाळणी चुकली नाही. २०१५ पर्यंत बारा चाली झाल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात दादा गेला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळले आणि तबक रिकामेच आत नेले.

वहिनींनी त्याचा संगणक माझ्याकडे पाठवला. “माझ्याने तो उघडवत नाही, वन्सं, तुम्ही तरी वापरा,” एवढेच म्हणाल्या. मी पेटी शिकवणारी बाई. माझा आणि संगणकाचा संबंध विजेचे बिल भरण्यापुरता. पण दुःखाला काहीतरी उद्योग लागतो. मी एकेक कळ दाबत शिकत गेले, आणि वर्षभरात शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती गाणी बांधू लागले.

इथेच पहिला पेच पडला. मला पेटीचा आवाज हवा होता. मांडणीत नाना तऱ्हेची वाद्ये होती, पण भात्याचा श्वास ऐकू यावा अशी आपली पेटी काही मला तीत मिळेना. दादाचा मुलगा ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात आहे. तो म्हणाला, “आत्या, उत्तम पेटी विकत मिळते, पण ती प्लगिन आहे. तुझ्या या मांडणीत ती बसणार नाही. तू रीपर घे.”

प्लगिन म्हणजे काय, हे त्याने मला बटणाच्या पाटीचा दाखला देऊन समजावले. घर कुणीही बांधो, भिंतीतल्या सॉकेटची भोके ठरावीक अंतरावर असली की कुठल्याही कंपनीचा पंखा त्यात बसतो. संगीताच्या सॉफ्टवेअरसाठी असे एक सॉकेट हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ साली तयार केले. त्याला व्हीएसटी म्हणतात. त्यानंतर एकाने वाद्य बनवावे आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते वाजावे, ही सोय झाली. रीपरमध्ये हे सॉकेट होते. विनॅम्प नावाचा गाणी ऐकवणारा कार्यक्रम ज्याने लिहिला, त्या जस्टिन फ्रँकेलचे ते काम. घर साधे, भिंतींना नक्षी नाही, पण येईल त्याला जागा.

आमची मांडणी मात्र सोवळ्यातली! तिच्या घरात बाहेरचे भांडे चालत नसे. २०१२ साली तिने जराशी सवलत दिली: दुसऱ्यांनीही वाद्ये बनवावीत, पण आमच्या विहिरीवर आंघोळ करून, आमचे सोवळे नेसून आत यावे. व्हीएसटीला मात्र सतरा वर्षे दार बंद.

मला या दारबंदीचे फारसे नवल वाटले नाही. ज्या पेटीवर माझे पोट चालते, तिनेही हे भोगले आहे. पेटी मूळची फिरंगी. तिच्या पट्ट्या जागच्या जागी बसलेल्या. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे निघत नाहीत. म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला स्टुडिओचे दार बंद केले, आणि ते पुन्हा किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. मधल्या काळात नाट्यगृहांत, कीर्तनांत आणि माझ्यासारख्यांच्या माजघरांत ती वाजतच राहिली. दार बंद करणाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण लोकांचे प्रेमही खोटे नव्हते.

मी रीपर घ्यायचे जवळजवळ नक्की केले होते. साठ दिवस वापरून पाहा, आवडले तर पैसे भरा, असा त्यांचा सरळ व्यवहार. आणि तेवढ्यात २०१७ साली मांडणीची साडेनवावी आवृत्ती निघाली आणि सोवळे सुटले! व्हीएसटीला दार उघडले. भाच्याने दादाची जुनी आवृत्ती वाढवून दिली, मी ती पेटी विकत घेतली, आणि मांडणीत दादाच्या यंत्रांशेजारी तिला जागा दिली. म्हटले, चला, बिऱ्हाड हलवण्याचे संकट टळले.

पण घरात पाहुणा आला की त्याच्या खोड्याही येतात. एका संध्याकाळी ती बाहेरून आलेली पेटी अशी कलंडली की तिच्याबरोबर सगळी मांडणी कोसळली आणि दोन तासांचे काम गेले. त्या दिवशी मला आजीच्या सोवळ्याचा अर्थ नव्याने उमगला. बाहेरच्याला आत घेतले की घर मोठे होते, आणि त्याचे दुखणेही घराचे होते. तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी काम जतन करू लागले. एवढी अक्कल दोन तासांत आली, म्हणजे सौदा महाग नव्हे.

खरा पेच पुढेच होता. २०१९ साली अकरावी आवृत्ती निघाली आणि तिने उलटाच खेळ मांडला. आता ही मांडणीच प्लगिन होऊन दुसऱ्याच्या घरी जाऊ लागली. आधी सून घरात आली होती. आता लेक सासरी निघाली! भाचा पुन्हा आला. “आत्या, आता काय अडचण आहे? रीपरमध्ये काम कर आणि बाबांची मांडणी तिथेच उघड. दोन्ही घरे तुझीच.”

मी कागद घेतला, मधोमध रेघ ओढली आणि इकडचे-तिकडचे लिहू लागले. रीपर हलके आहे, स्वस्त आहे, माझ्या जुन्या संगणकावर धापा टाकत नाही. शिवाय भाचा तेच वापरतो, म्हणजे अडले तर विचारायला माणूस आहे. नव्या वाद्यापेक्षा विचारायला माणूस असणे मोलाचे, हे मी शिकवणीत रोज पाहते. दुसऱ्या बाजूला लिहिले: लेकीबरोबर दागिने जातात, अंगण जात नाही. मांडणी दुसऱ्या घरी जाते तेव्हा यंत्रे आणि त्यांच्या तारा जातात. पण कुठल्या मात्रेला कुठला सूर, कुठे गाणे थांबते, कुणाचा आवाज किती, हा सारा मांडलेला डाव मागेच राहतो. बाहेरून आलेली पेटीही तिच्या पोटात बसून जात नाही. तिला वेगळे न्यावे लागते.

म्हणजे नव्या गाण्यांना अडचण नव्हती. अडचण होती ती बारा गाण्यांची.

भाच्याने उपाय सांगितला. प्रत्येक गाण्यातला एकेक आवाज सुटा करायचा आणि पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत त्याची स्वतंत्र फाइल करायची. सगळ्या फाइलींची सुरुवात एकच असली की कुठल्याही घरात त्या शेजारी शेजारी ठेवल्या तरी गाणे जुळते. चांगल्या प्रतीच्या एका आवाजाला मिनिटाला साडेआठ मेगाबाइटच्या वर जागा लागते. चार मिनिटांचे, वीस आवाजांचे गाणे सातशेच्या आत बसते. बारा गाणी म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हचा एक कोपरा. सुरांची नोंद मिडी नावाच्या लिपीत वेगळी ठेवायची. १९८३ पासून ती लिपी सगळे वाचतात.

मागच्या पावसाळ्यात मी हे काम काढले. एक आवाज चालू ठेवायचा, बाकीचे मुके करायचे, फाइल करायची, पुढचा घ्यायचा. किचकट, पण डाळ निवडण्यासारखे मन शांत करणारे काम. बारा वर्षे मी ही गाणी समोरून ऐकली होती. पहिल्यांदाच पाठीमागून पाहत होते. दादाने प्रत्येक यंत्रावर नाव लिहून ठेवले होते. घुमारा देणाऱ्या यंत्राचे नाव ‘मुरंबा’, कारण आवाज त्यात मुरतो. आवाज करकरीत करणाऱ्याचे नाव ‘फोडणी’. आणि एका यंत्रावर माझे माहेरचे नाव. त्यातून निघणारी तार सगळ्यांना वळसा घालून सरळ बाहेर गेली होती. माझ्या आवाजाला त्याने मुरंबा लावला नव्हता की फोडणी दिली नव्हती.

२०१३ च्या गाण्यात एक आवाज आधीपासूनच मुका केलेला होता. नाव काही नाही. काही उरलेसुरले असेल म्हणून मी तो उघडला. दादाचा आवाज होता! तो मात्रा मोजत होता. “एक, दोन, तीन, चार...” मग खोकला. मग पुन्हा पहिल्यापासून. सोळाव्या मात्रेनंतर जरा लांबून, माइककडे पाठ करून त्याने हाक मारली, “अगं, चहा टाकतेस का?” भांड्याचा आवाज. आणि संपले.

मी त्या दिवशी पुढचे गाणे घेतले नाही.

संध्याकाळी दिवा लावताना मनात आले की मांडणी जशीच्या तशी जपायची म्हणून मी कधी ती हलवलीच नसती, तर हा आवाज मला मिळालाच नसता. जपणे आणि हात न लावणे यांत मी इतकी वर्षे गल्लत करत होते. बिऱ्हाड हलवायचे ठरल्यावरच माळ्यावरची पेटी उघडली जाते.

दुसरे असे की दारे काही कुणाच्या मालकीची राहत नाहीत. ज्या स्टाइनबर्गने ते सॉकेट बसवले, त्यांनीच २०२२ च्या जानेवारीत त्याची दुसरी पिढी आपल्या घरातून काढत असल्याचे जाहीर केले. पुढे फक्त तिसरी. त्याच वर्षी बर्लिनच्या दोन कंपन्यांनी क्लॅप नावाचे नवेच सॉकेट आणले. आज मी रीपर निवडले म्हणून कायमची सुटले, असे नाही. दहा वर्षांनी कुणीतरी पुन्हा म्हणेल, “सोड ते जुने.” तेव्हा जे घर निवडायचे ते राहण्यासाठी, जे जपायचे ते मात्र कुठल्याही घरात उघडेल असे ठेवायचे.

म्हणून मी असे ठरवले. नवी गाणी रीपरमध्ये. दादाची यंत्रे त्यांच्या तारांसकट जतन केली आहेत. ती पाहुणी म्हणून तिथे येतील. बारा गाण्यांचे सारे आवाज सुटे करून दोन ठिकाणी ठेवले आहेत. दादाचा संगणक विकायचा नाही. महिन्यातून एकदा तो लावायचा आणि टॅब दाबायची. आणि एक काम मी भाच्याला न सांगता केले. शंभर पानी वही घेऊन प्रत्येक गाण्याच्या मागच्या तारा रंगीत पेन्सिलींनी काढल्या. कुठून कुठे, आणि नाव काय. ‘मुरंबा’, ‘फोडणी’, सगळे. वही उघडायला कुठलीच आवृत्ती लागत नाही.

भाऊबीजेला आता भाचा येतो. “आत्या, मी ओवाळणी घालायची की तू मला द्यायची?” अशी त्याची दर वर्षीची थट्टा असते. यंदा मी त्याच्या हातात वही आणि पेनड्राइव्ह ठेवणार आहे. पेनड्राइव्हवर एक फाइल वेगळी ठेवली आहे. तिचे नाव ‘चहा’. ती त्याने घरी जाऊन वहिनींबरोबर ऐकावी, एवढेच त्याला सांगणार आहे.