मॅलेट प्लेसचं इजिप्त

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या ममींपुढे नेहमीची झुंबड होती. तिथून काढता पाय घेतला आणि चालत मॅलेट प्लेसला पोचलो. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारात, एकेकाळच्या तबेल्याच्या इमारतीत, पेट्री संग्रहालय आहे. वस्तू 80 हजारांच्या आसपास, जागा मात्र दोन-तीन दालनांची. मणी, मडकी, फण्या, सुया. राजांपेक्षा रयतच जास्त.

माझा बराच वेळ एका झग्यापुढे गेला. लिननचं कापड, ‘व्ही’ आकाराचा गळा, बाह्यांना बारीक चुण्या. 1913 साली इजिप्तमधल्या तारखानच्या कबरस्थानात मळक्या चिंध्यांचा ढीग सापडला, तो तसाच लंडनला आला आणि पडून राहिला. 1977 मध्ये कापड साफ करताना आतून हा झगा निघाला. तोही उलटा, अंगातून ओढून काढावा तसा. कोपरांपाशी आणि काखेत वापराच्या सुरकुत्या आहेत. कार्बन चाचणीने त्याचा काळ इसवी सनापूर्वी 3482 ते 3102 असा ठरवला. एवढा जुना विणलेला पोशाख दुसरा ज्ञात नाही.

हा खजिना उभा राहिला तो एका कादंबरीकर्तीमुळे. अमेलिया एडवर्ड्स नाईलच्या सफरीवर गेल्या आणि इजिप्तच्याच होऊन बसल्या. 1892 मध्ये त्या वारल्या तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी याच कॉलेजला इजिप्तविद्येच्या अध्यासनासाठी पैसे ठेवले होते. कारण सरळ होतं : इथे बायकांना पदवी मिळत असे. पहिले प्राध्यापक फ्लिंडर्स पेट्री, ज्यांनी स्वतः शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं! इतर लोक सोनं शोधत होते, तेव्हा पेट्री फुटक्या खापऱ्या जपत. मडक्यांच्या बदलत्या घडणीवरून त्यांनी थडग्यांचा कालक्रम लावला. वंशांची उतरंड लावण्याचा नादही त्यांना होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांचा संग्रह कॉलेजने 1913 साली विकत घेतला.

पेट्री हिवाळाभर इजिप्तमध्ये खणत असत. मग इथले वर्ग कोण घेई? मार्गारेट मरे. जन्म कोलकात्याचा, 1863 चा. तिथल्या इस्पितळात परिचारिकेचं काम केलेलं. तिशीत त्या पेट्रींच्या वर्गात दाखल झाल्या आणि काही वर्षांत स्वतःच चित्रलिपी शिकवू लागल्या. अबायडोसला उत्खनन केलं, 1905 मध्ये प्राचीन इजिप्शियन भाषेचं व्याकरण लिहिलं, 1908 मध्ये मँचेस्टरला भरसभेत ममी उलगडली. 1935 पर्यंत शिकवत राहिल्या आणि शंभरीत आत्मचरित्र छापून आणलं. ब्रिटनमध्ये इजिप्तविद्येच्या कितीतरी अभ्यासकांना त्यांनी घडवलं. माझ्या मते संग्रहालयाच्या पाटीवर पेट्रींइतकाच मरेबाईंचाही हक्क आहे.

पुरातत्त्व शिकायला लंडनला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी पहिल्याच आठवड्यात इथे चक्कर मारावी. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.