न्हाणीघरांतील फळी

कोणत्याहि मध्यम स्थितीच्या घराची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर दिवाणखान्यांतील पुस्तकांच्या कपाटापुढें उभें न राहतां न्हाणीघरांतील फळीकडे दृष्टि टाकावी, असें आमचें बरेच दिवसांचें मत आहे. कपाटांतील पुस्तकें बहुधा पाहुण्यांकरितां असतात. फळीवरील बाटल्या मात्र घरच्या माणसांनीं कांहीं तरी आशेनें आणलेल्या असतात. आमच्या फळीवर आज मोजून चौदा जिन्नस आहेत. खोबरेलाची बाटली, शिकेकाईचा पितळी डबा, रिठ्यांची पुरचुंडी, आवळ्याचें तेल, कांद्याचा अर्क घातलेलें दुसरें तेल, कोंड्यावरचा शांपू, कोंड्यावरचा नसलेला शांपू, कंडिशनर, मुलतानी माती, चंदनाचा साबण, कोरफडीचा गर, आमचा कलप, आणि लेबलें पाण्यानें धुऊन गेल्यामुळें ज्यांचा उपयोग आतां कोणासच सांगतां येत नाहीं अशा दोन कुप्या.

हे सर्व जिन्नस कांहीं आम्हीं आणलेले नाहींत. परंतु आमच्या परीक्षेंतून गेल्यावांचून त्यांतील फारच थोडे तेथें कायम झाले आहेत. सेवानिवृत्तीनंतर मनुष्यास कांहीं उद्योग लागतो. कोणी बाग करतो, कोणी ज्ञानेश्वरी उघडतो. आम्हीं हें खातें पत्करलें. आमचा नियम एकच. नवें तेल किंवा नवा शांपू भांगाच्या डाव्या बाजूस, जुना उजव्या बाजूस. पाणी तेंच, फणी तीच. आणि महिना पुरा होईपर्यंत मत देण्याची कोणास मुभा नाहीं. या नियमामुळें घरांतील बायकांस न्हावयास दुप्पट वेळ लागतो, आणि आमची थट्टा होते ती निराळीच. "अहो, तुमचें स्वतःचें डोकें प्रयोगास पुरेसें उरलें नाहीं, म्हणून आमचीं घेतां," असें गृहिणीनें एकदां ऐकविलें. तिच्या म्हणण्यांत तथ्य आहे.

तथापि बाटलीवरील मजकुराशीं वाद घालावयाचा तर असा कांहीं नियम हवाच. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो; जिवंतपणा असतो तो कातडीच्या आंत, मुळाशीं. केस महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर वेणीच्या टोकाशीं असलेला केस चारएक वर्षांपूर्वीं उगवलेला असतो. उन्हापाण्यानें, फणीनें आणि साबणानें जें त्याचें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असतें. त्यास मऊ करतां येईल, चकचकीत करतां येईल. पुन्हां निरोगी करतां येणार नाहीं. दहा दिवसांत घनदाट केसांचें वचन देणारा गृहस्थ हा एवढाच हिशेब सांगावयाचा विसरतो.

शिकेकाईविषयीं मात्र आम्हीं परीक्षा केली ती नांवापुरती, कारण तिचा निकाल आमच्या लहानपणींच लागलेला होता. आमच्या वडिलांच्या आत्याबाई आमच्या घरींच असत. सर्व मुलें त्यांस आत्याआजी म्हणत. शिकेकाई, आवळकाठी, रिठ्याचीं टरफलें, नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळलेली संत्र्याची साल आणि मूठभर मेथी, एवढें सामान उन्हांत खडखडीत वाळवून त्या उखळांत कुटीत आणि वस्त्रगाळ करीत. पूड चिमटींत घेऊन एकदां चोळली आणि हुंगली, कीं आवळा कमी कीं रिठा अधिक हें त्या सांगत. सोलापूर जिल्ह्यांतील आमच्या गांवच्या विहिरीचें पाणी जड. अशा पाण्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशीं मिळून एक चिकट, पांढुरका थर होतो आणि तो केसांवरच बसतो. शिवाय साबण क्षारधर्मी, त्यामुळें केसांवरील सूक्ष्म खवले उभे राहून एकमेकांत गुंततात. शिकेकाईच्या शेंगेंत फेस आणणारें द्रव्य असतेंच, पण तिचें पाणी किंचित् आंबट असल्यामुळें ते खवले बसून राहतात. साबणानें न्हाल्यावर शेवटच्या तांब्यांत लिंबू पिळण्याची जी रीत आहे, तिचेंहि कारण हेंच. आत्याआजींस यांतील रसायन ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. "साबणानें केसांचा काथ्या होतो," एवढें त्या म्हणत, आणि तेवढें खरें होतें.

त्या स्वतः आलवण नेसत. नवव्या वर्षीं वैधव्य आलें, आणि कळूं लागण्यापूर्वींच केस गेले. १९६० च्या सुमारास, त्या सत्तरीच्या घरांत असतां, दर पंधरवड्यास मागील दारीं न्हावी येत असे, तें आम्हांस स्पष्ट आठवतें. मुंबईंतील न्हाव्यांनीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें १८९० सालीं सभा भरवून विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं असा ठराव केला होता, हें आम्हीं पुढें वाचलें; पण त्या ठरावाचा वारा आमच्या गांवच्या मागील दारापर्यंत काय तो पोंचला नव्हता. घरांतील सगळ्या मुलींस न्हाऊं घालण्याचें काम आत्याआजींकडे असे. एकेकीचे केस त्या ओंजळींत धरून तोलल्यासारखे करीत, आणि कोणाचे दाट, कोणाचे विरळ, कोणाच्या टोकास फांटे फुटले आहेत, हें न पाहतां सांगत. केसांविषयीं आमच्या घरांत सर्वांत अधिक जाणणारें माणूस तें होतें.

शिकेकाईचा हा मोठेपणा मान्य करूनहि एका बाबतींत आम्ही शांपूच्या बाजूचे आहों. ती बाब कोंड्याची. डोक्याच्या कातडीवर एक अतिसूक्ष्म बुरशी सर्वांच्याच ठायीं असते. तिचें पोषण तेलावर होतें, आणि कांहींच्या कातडीस ती सोसत नाहीं, म्हणून कोंडा होतो. अशा डोक्यावर रात्रभर तेल थापून ठेवणें म्हणजे तिला पंगतीस बसविणें होय. येथें केटोकोनॅझोल असलेला औषधी शांपूच उपयोगी पडतो, आणि आमच्या पुत्राच्या डोक्यावर तो डावीकडे लावला असतां तीन आठवड्यांत दोन्ही बाजूंतील भेद दिसला. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, शांपू हा शब्द ऐकून परकेपणा वाटण्याचें कारण नाहीं. तो आपल्याकडील चांपण्यांतून, म्हणजे अंग रगडण्यांतून, इंग्रजींत गेला. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनीं इंग्लंडांत ब्रायटन येथें वाफेचीं स्नानगृहें काढलीं आणि १८२२ सालीं या विषयावर इंग्रजींत पुस्तकहि प्रसिद्ध केलें. तेव्हां त्या शब्दाचा अर्थ मर्दन असाच होता. केस धुण्याचा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

खोबरेलाची गोष्ट निराळी. त्याची तरफदारी करतांना आम्हांस परंपरेचा आधार घ्यावा लागत नाहीं. २००३ सालीं रेले आणि मोहिले या मुंबईच्या दोन संशोधकांनीं खनिज तेल, सूर्यफुलाचें तेल आणि खोबरेल यांची केसांवर तुलना करून असें दाखविलें, कीं केसांतील प्रथिनांची झीज कमी करण्याचा गुण तिघांपैकीं खोबरेलांतच आहे. कारण त्यांतील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळें केसाच्या आंत शिरतात. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेंतील होते, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आम्हांस तो निष्कर्ष पटतो. परंतु त्यांत केस वाढल्याची गोष्ट कोठेंहि नाहीं. ती आपण आपल्या पदरची घालतों.

दहाबारा वर्षांपूर्वीं आमची कन्या बाळंतपणास माहेरीं आली होती. मूल तीन महिन्यांचें झालें, आणि तिचे केस गळूं लागले. न्हाणीच्या मोरीवर गुंतवळाचे पुंजके, उशीवर केस, बाळाच्या मुठींत केस. दिवसास पन्नास ते शंभर केस कोणाचेहि गळतात, हें सांगून तिचें समाधान होईना. एका रात्रीं ती आरशापुढें बसून भांगाची रुंदी बोटानें मोजत असलेली आम्हीं पाहिली. दुसऱ्या दिवशीं जांवयांनीं साडेआठशें रुपयांचें तेल पाठविलें. बाटली तळहातावर मावेल एवढी. आमच्या नियमाप्रमाणें तें डाव्या बाजूस आणि घरचें खोबरेल उजव्या बाजूस, असा करार झाला. आणि या वेळीं थट्टा कोणीं केली नाहीं. महिन्यानें कांहीं नाहीं. दोन महिन्यांनीं गळणें कमी झालें. पांचव्या महिन्यांत कपाळाशीं बोटभर नवे केस उभे राहिले, ते दोन्हीकडे सारखेच.

बाळंतपण, विषमज्वर, मोठी शस्त्रक्रिया असा कांहीं ताण शरीरावर आला, म्हणजे वाढते केस एकदम विश्रांतीस जातात, दोन-तीन महिन्यांनीं गळतात आणि बहुधा सहा महिन्यांत आपले आपण परत येऊं लागतात. माणूस घाबरून औषध शोधावयास निघतें तें नेमकें गळतीच्या ऐन भरांत; त्यानंतर जें व्हावयाचें तें चांगलेंच असतें, आणि त्यावेळीं डोक्यावर जें तेल असेल त्यास यश मिळतें. किती घरांतून किती तेलें अशीं अमर झालीं असतील! हें सर्व आम्हीं कन्येस समजावून सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "बाबा, तें खरें असेल. पण बाटली हातीं घेतली कीं मला रात्रीं झोंप येत असे." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. रिकामी बाटली तिनें सासरीं नेली.

कलपाविषयीं थोडक्यांत. बाजारांतील बहुतेक काळ्या कलपांत पॅराफिनिलिनडायामिन नांवाचें द्रव्य असतें. लग्नसमारंभांत हातांवर काढतात त्या तथाकथित काळ्या मेंदींतहि तें अनेकदां असतें. खरी मेंदी कधींच काळी नसते. कांहींच्या कातडीस तें मुळींच सोसत नाहीं, आणि चेहरा सुजेपर्यंत पाळी येते. म्हणून कानामागें थेंबभर लावून अठ्ठेचाळीस तास थांबावें, असें खोक्यावर लिहिलेलें असतें, आणि तें दर खेपेस करावें. आम्ही करतों. तेवढ्या दोन दिवसांत आमचें वय घरांत सर्वांस कळतें, एवढाच तोटा.

अर्ध्या डोक्याचा हा नियम चेहऱ्यास लावूं नये असें आम्हांस वाटत असे. परंतु आमच्या पुतणीनें तो लावला. मुलगी हुशार, पदवीधर आणि सावळी. लग्नाचें पाहणें चालू होतें. स्थळें येत, पत्रिका पाहत, छायाचित्र पाहत, आणि मग निरोप येत नसे. गोरेपणाच्या मलमांचा व्यापार आपल्याकडे जुना आहे. १९७५ सालीं निघालेल्या 'फेअर अँड लव्हली'नें २०२० सालीं आपल्या नांवांतील गोरेपणा काढून टाकला, तथापि वहिनींच्या मनांतून तो निघाला नव्हता. पुतणीनें मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानांतून एक लहान नळी आणली, आणि काकांची शिस्त म्हणून पंधरा दिवस केवळ डाव्या गालास लावली. पंधराव्या दिवशीं डावा गाल खरोखरच उजळला. परीक्षा उतरली, असें ठरून नळी सबंध चेहऱ्यास लागूं लागली.

तिसऱ्या महिन्यांत गाल लाल झाले, उन्हांत आग होऊं लागली, हनुवटीवर पुटकुळ्या आणि लव आली. नळी थांबविली कीं दाह दुप्पट होई, पुन्हां लावली कीं शमे. म्हणून ती पुन्हां लावी. अखेर आमच्याकडे आली तेव्हां ओढणी नाकापर्यंत घेतलेली होती. नळीवरील बारीक अक्षरें भिंगांतून वाचलीं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोन. शेवटचें द्रव्य स्टेरॉइड. त्वचारोगावर वैद्याच्या देखरेखीखालीं थोडे दिवस वापरावयाचें हें औषध. असलीं कांहीं स्टेरॉइडचीं मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम सरकारनें २०१८ सालीं केला आहे. दुकानदारानें चिठ्ठी विचारली नव्हती. "काका, मी तर एका गालावर पाहूनच लावलें," ती म्हणाली. तिचें म्हणणें खोटें नव्हतें. पंधरा दिवसांत गाल उजळेल कीं नाहीं, एवढेंच तिनें गालास विचारलें होतें, आणि त्यानें होय म्हटलें होतें.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनीं नळी बंद केली, साधें मलम आणि उन्हापासून जपणूक सांगितली, आणि दर महिन्यास खिडकीशीं बसवून एक छायाचित्र काढावयास लावलें. पहिले दोन महिने फार कठीण गेले. ती घराबाहेर पडेना, आणि दोन स्थळांस वहिनींनीं मुलगी परगांवीं गेल्याचें कळविलें. पांचव्या महिन्यापासून लाली ओसरूं लागली. आठव्या महिन्याचें छायाचित्र पहिल्यापूर्वींच्या छायाचित्राशेजारीं ठेवलें, तेव्हां रंग जसाचा तसा परत आलेला दिसला. वहिनींनीं तीं दोन्ही बराच वेळ पाहिलीं. "पूर्वीसारखी झाली," असें त्या म्हणाल्या. त्यांत आनंद किती आणि निराशा किती, हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं.

त्यानंतर पत्रिका नव्यानें छापावयाची होती. जुन्या मसुद्यांत वर्णापुढें 'निमगोरा' असें होतें. पुतणीनें पेन घेऊन तो शब्द खोडला, वर 'सावळा' असें लिहिलें, आणि कागद आईपुढें सरकविला. वहिनींनीं वाचलें, कांहीं बोलल्या नाहींत. मग उठून खोबरेलाची वाटी कोमट करून आणली, आणि लेकीस पुढें बसवून तिच्या केसांस तेल लावूं लागल्या.