डबा सुटला तर?

गेल्या शनिवारी बारामतीला आत्याकडे गेलो होतो. जेवण होतंय न होतंय तोच आतेभावानं लॅपटॉप पुढ्यात सरकवला. "दादा, आधी साधं स्कूबा कशाला? डायरेक्ट रिब्रीदरच शिकतो ना, पुढे तेच वापरायचंय." पठ्ठ्या फी भरायच्या बेतात होता.

घरातला 'पाण्यातला' माणूस मी. म्हणजे काय, तर तारकर्लीला कोर्स करून मालवणला चारदोन डाइव्ह मारलेला. रिब्रीदर फक्त वाचून माहीत. तरी मत दिलंच.

साध्या स्कूबात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन वाया जातो. रिब्रीदर तोच फिरवून परत देतो. सोडा लाइम नावाचा चुना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि खर्च झालेला ऑक्सिजन सिलिंडरमधून थोडाथोडा भरला जातो. थोड्या गॅसवर बराच वेळ राहता येतं, बुडबुडे नाहीत म्हणून मासेही बुजत नाहीत. इंजिनिअरला मोह पडावा असंच यंत्र!

पण गोची आहे. साध्या सिलिंडरमधली हवा संपत आली की श्वास ओढायला जड जातो. कळतं. मुळात जीव गुदमरतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. रिब्रीदरमध्ये तो चुन्यानं आधीच काढून टाकलेला. त्यामुळे ऑक्सिजनचा पुरवठा बिघडला, तर माणूस आरामात श्वास घेता घेता बेशुद्ध होऊ शकतो. एरर मेसेज न देता क्रॅश होणारा प्रोग्राम. भरवसा सगळा सेन्सरवर. आणि सेन्सरचाच संशय आला तर? सोबतच्या साध्या सिलिंडरवर यायचं. म्हणजे अडचणीत हात जाणार तो साध्या स्कूबाकडेच.

"पण जुन्या सवयी नडतात म्हणे."

हे मात्र खरं. साध्या स्कूबात छातीभर श्वास घेतला की आपण किंचित वर जातो, सोडला की खाली. रिब्रीदरमध्ये हवा फुप्फुसातून पिशवीत नि पिशवीतून फुप्फुसात, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. साध्यातला माउथपीस सहज काढता येतो. इथे झडप बंद न करता काढला तर पाणी आत शिरतं आणि चुन्याचं दाहक पाणी तोंडात येऊ शकतं. म्हणून आधी शेकडो डाइव्ह करून ये, असं मी म्हणणार नाही. सवयी जितक्या मुरतील तितक्या मोडणं अवघड. पण रेग्युलेटर तोंडातून निसटला, मास्कमध्ये पाणी भरलं तरी हात शांतपणे चालले पाहिजेत. तेवढं आधी हवंच.

पटलं नाही त्याला. रविवारी त्याला घेऊन गावी गेलो, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठावर. २०२४च्या मे महिन्यात कळाशीकडे येणारी होडी उलटून सहा माणसं गेली, तेव्हापासून पाण्याचा विषय निघाला की तात्या गप्प होतात. आम्हा पोरांना पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं ते त्यांनीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आतेभावाला एवढंच विचारलं, "डबा सुटला तर येतं का रं पवायला?"

परतताना गाडीत तो फारसं बोलला नाही. काल त्याचा मेसेज आला, साधाच कोर्स बुक केलाय. रिब्रीदरची टॅब मात्र अजून उघडी आहे म्हणे.