एका ‘रन’ची अनेक क्रियापदे

परभणी

चि. भाचीस,

इंग्रजीतील ‘रन’ या क्रियापदाला मराठीत नेमका कोणता शब्द द्यावा, हा तुझ्या पत्रातील प्रश्न वरवर लहान दिसला, तरी त्याच्या उत्तरासाठी दोन्ही भाषांचा स्वभाव पाहावा लागतो. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी या शब्दाची नोंद २०११ च्या सुमारास पूर्ण झाली, तेव्हा केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ भरले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, तिला ‘रन’ने मागे टाकले. ज्या शब्दाचा पसारा एवढा आहे, त्याला एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ होय.

या पसाऱ्याचे मूळ जुन्या इंग्रजीत सापडते, कारण तेथे माणसाचे धावणे आणि पाण्याचे वाहणे या दोन्ही क्रिया याच शब्दाने सांगितल्या जात. मराठीने मात्र कर्ता पाहून क्रियापदे वाटून दिली आहेत. दुधना नदी वाहते, पण नळाला पाणी येते आणि कालव्याला पाणी सुटते. पिठाची गिरणी, शाळा, दुकान आणि संसार चालतो. परभणीहून गंगाखेडला रस्ता जातो. नव्या लुगड्याचा रंग जातो, सर्दीने नाक गळते आणि हातातला वेळ सरतो. अमेरिकेतील उमेदवार निवडणुकीत ‘धावतो’, तर मराठी उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, आणि ब्रिटिश इंग्रजीही येथे मराठीप्रमाणेच उभे राहण्याची भाषा बोलते. इंग्रजी यंत्राला धाववते आणि मराठी त्याला चालवते, एवढ्या एका फरकातही दोन भाषांची नजर दिसते. ‘चालणे’ म्हणजे खंड न पडता नीट होत राहणे, असा अर्थ मराठीने त्यात भरला असल्यामुळेच ‘चालेल’ या एका शब्दात संमती देता येते.

माणसाच्या किंवा जनावराच्या वेगवान गतीसाठीही मराठीत एकच शब्द नाही. घोडा दौडतो, बिथरलेला बैल उधळतो, चोर धूम ठोकतो किंवा पोबारा करतो. परंतु यातील खरी जोडी ‘धावणे’ आणि ‘पळणे’ यांची आहे. ‘पळणे’ हे संस्कृतातील ‘पलायते’ या रूपावरून आले असून निसटून दूर जाणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. आज परभणीच्या खेड्यांत ‘पोरगं पळायलंय’ असे म्हटले, तर त्यात केवळ वेग असतो, पळ काढणे नसते. मग जुना अर्थ कोठे राहिला, असा प्रश्न पडतो. तो प्रत्ययात राहिला आहे. धातूला प्रत्यय लागून जो शब्द तयार होतो, त्याला धातुसाधित म्हणतात. ‘तो पळत आला’ या वाक्यातील ‘-त’ प्रत्ययाचे धातुसाधित येण्याची रीत सांगते. ‘तो पळून आला’ असे म्हणताच ‘-ऊन’ प्रत्ययाने कोठून तरी सुटका करून घेतल्याचा अर्थ उभा राहतो. तसेच ‘धावत आला’ म्हणजे वेगाने आला आणि ‘धावून आला’ म्हणजे मदतीला आला. एका प्रत्ययाच्या फरकाने एक माणूस पळपुटा ठरतो आणि दुसरा कैवारी.

‘धावणे’ या शब्दाला भक्तिपरंपरेने आणखी खोली दिली. ‘धावा करणे’ म्हणजे देवाने धावून यावे म्हणून त्याला आर्ततेने हाक मारणे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यांच्या जात्याला हात लावायला विठ्ठल येतो ही श्रद्धा या धावून येण्याचाच एक आविष्कार आहे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, ‘धाव्’ या धातूचे गती आणि शुद्धी असे दोन अर्थ दिले आहेत. त्यांपैकी दुसरा अर्थ ‘दंतधावन’, म्हणजे दात घासणे, या शब्दात आजही टिकून आहे.

काही ठिकाणी धावणे परक्या वेशात येते. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. ‘आदेश जारी करणे’ या प्रयोगातील ‘जारी’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ वाहणारा, चालू असलेला असा आहे. म्हणजे ‘रन’मध्ये जी गती आणि जो प्रवाह एकत्र आले आहेत, तेच कचेरीच्या मराठीतही अरबीच्या वाटेने येऊन पोहोचले.

या साऱ्या भेदांचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते शेतात. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे, आणि मराठीतील कृषिविषयक लेखनात जमिनीत न मुरता वरून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याला ‘अपधाव’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी संज्ञेवरून घडवला असला, तरी त्यातील ‘अप’ हा उपसर्ग, म्हणजे धातूच्या आधी लागून अर्थ बदलणारी अक्षरे, दूर निघून जाण्याची हानी अचूक सांगतो. काळ्या जमिनीच्या उताराला आडव्या काढलेल्या सऱ्या हेच करतात, की धावणारे पाणी चालू लागते, चालणारे थांबते आणि थांबलेले मुरते. पाणलोटाची सारी शिकवण या चार क्रियापदांत मावते, आणि त्यांतील एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

म्हणून यापुढे ‘रन’ला मराठीत काय म्हणतात, असे विचारण्याऐवजी कोण धावते आहे, कोठून आणि कोणाकडे, हे आधी पाहावे, म्हणजे योग्य क्रियापद कोशाआधी घरातल्या बोलण्यात सापडेल. ते तेथून उचलून निर्धास्तपणे लिहावे.



मामा