नानांचा तळहात

नाना सुरतेत उधन्याच्या एका लूम कारखान्यात 32 वर्षं उभे राहिले. अमळनेरकडची कोरडवाहू शेती सुटली आणि लिंबायतला बिऱ्हाड मांडलं. तिथल्या गल्ल्यांत आजही अहिराणी ऐकू येते. पाळी बारा तासांची. मागांच्या खडखडाटात माणसं बोलत नाहीत. ओठ बघतात, खुणा करतात. कानांत घालायला त्यांना कधी कुणी काही दिलं नाही. काम सुटलं तेव्हा उजवा कान गेलेला होता, डाव्यात थोडं उरलं होतं.

जंगलात मुक्कामाला जायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, यांना तिथं काय कळणार? जंगल ऐकायचं असतं, असं मलाही वाटायचं.

फेब्रुवारीत गेलो. व्यारा मागे पडलं, भेंसकातरीनंतर साग दाटत गेला. महालला पूर्णेच्या काठी आमचा मुक्काम. तिथल्या लोकांची डांगी बोली नानांनी ओठांवरून वाचली. सुरतेत इतकी वर्षं काढूनही गुजराती ओठ त्यांना जड जातात, इथं मात्र अडलं नाही. मराठी, गुजराती, खानदेशी तिन्हींचं नातं त्या बोलीत आहे. रात्री रातव्याचा ठोका सुरू झाला. मी जागा होतो, नाना शांत झोपले होते. मला त्या झोपेचं फार वाईट वाटलं.

सकाळी पायवाटेनं निघालो. पानगळीनं वाट भरलेली. सागाचं वाळकं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. वाटाड्या थबकला, बोट वर केलं. रानपिंगळा असावा, म्हणाला. दिसला नाही, दोनदा ओरडला. मी नानांना वहीत लिहून दाखवलं : 1884 नंतर हा पक्षी कुणालाच सापडला नव्हता, संपला असं मानलं गेलं. 1997 मध्ये तो मिळाला आपल्या शहाद्याकडच्या जंगलात. पुढे या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. नानांनी सावकाश वाचलं.

"एवढा साल कोनी आयकंच नही त्याले?"

मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वांसदा राष्ट्रीय उद्यान. पूर्वी हे संस्थानिकांचं रान; 1979 पासून राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र जेमतेम 24 चौरस किलोमीटर, पण आत शिरलं की बांबूच्या बेटांनी उजेड अडतो, अंबिका नदीकडून गारवा येतो. इथून पलीकडे डांगभर याच सागाचं राज्य. 1842 मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं, ते जहाजांना लागणाऱ्या सागासाठी. त्या तोडीनंतरही हे रान उभं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

वारा सुटला. शेंडे हलायला लागले. नाना एका जाड सागाजवळ थांबले आणि तळहात खोडावर टेकवून उभे राहिले. हे उभं राहणं माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा ते असाच लूमवर हात ठेवून डोळे मिटायचे. बिघाड कुठे आहे ते हाताला आधी कळायचं.

बराच वेळ ते तसेच राहिले. मग माझा हात धरून त्यांनी खोडावर ठेवला. सालीखाली अगदी बारीक थरथर होती.

"चालू शे," नाना म्हणाले.