एक मीटर, तीन गाड्या

वसईतील आमच्या वाडीत एक बावखल होते. त्यावर तीन घरांचा हक्क होता आणि रहाट मात्र एकच. कोणी किती वेळ पाणी घ्यायचे हे आजोबा ठरवीत. एका उन्हाळ्यात त्यांनी पहिली पाळी शेजाऱ्याला दिली, तेव्हा मी रागावलो होतो. आमची केळी मोठी होती आणि वाडीही मोठी होती. आजोबा एवढेच म्हणाले, "मोठ्या झाडाला एक दिवस थांबता येतं. त्याची रोपं कालच लावली आहेत." हा प्रसंग मी साठ वर्षे विसरून गेलो होतो. परवापरवा, तळवलीच्या माझ्या घरातील विजेच्या मीटरसमोर उभा असताना, तो पुन्हा आठवला.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी तळवलीस आलो आणि येथेच स्थायिक झालो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्यानंतर या भागातील भातखाचरे पाहता पाहता नाहीशी झाली. गावठाणात घराला घर लागून मजले चढत गेले, तशी आमच्या घरावरही एक खोली चढली. त्या खोलीत सोलापूरकडचा एक तरुण भाड्याने राहतो. तो घरोघरी सामान पोहोचवण्याचे काम करतो. खोलीला वेगळे मीटर नाही. आमच्याच मीटरवरून तिला तार गेली आहे.

२०२३ साली मुलाने विजेवर चालणारी मोटार घेतली. पाठोपाठ सूनबाईची स्कूटर आली आणि त्यानंतर भाडेकरूची. पेट्रोलचा खर्च वाचला, धूर गेला, आम्ही सारे समाधानी होतो. रात्री घरी परतलेला प्रत्येक जण आपापली गाडी प्लगला जोडी आणि निवांत झोपी जाई. तिन्ही गाड्या एकाच मीटरची वीज पितात, हे कोणाच्या मनातही आले नाही.

माझ्या पत्नीला श्वासाचा विकार आहे. रात्री तिला प्राणवायूच्या यंत्राची सोबत लागते. मे महिन्यातील एका रात्री बाराच्या सुमारास ते यंत्र एकाएकी थांबले. घरभर अंधार झाला आणि जिन्याखालून जळकट वास येऊ लागला. उशाशी भरलेले सिलिंडर होते म्हणून निभावले. तरी ते जोडताना माझे हात ज्या रीतीने थरथरले, ते मी विसरू शकत नाही. मीटरपाशी तारेचे टोक जळून काळे पडले होते. रात्रीच कोणीतरी येऊन ते कापून पुन्हा जोडून दिले.

सकाळी मुलगा म्हणाला, "पप्पा, वरच्याची स्कूटर आल्यापासूनच हे सुरू झालं." मला ते पटले. खरे सांगायचे तर, पटवून घेणे सोयीचे होते. मी वर गेलो आणि त्या तरुणाला चार्जर काढायला सांगितले. त्याने वाद घातला नाही. "बरं, काका," एवढेच म्हणाला. त्या दिवसापासून तो बाहेर पैसे देऊन गाडी चार्ज करू लागला. त्यात त्याचे रोजचे दोन तास जात आणि तेवढ्या फेऱ्या बुडत.

आठ दिवसांनी जिन्याखाली पुन्हा तोच वास आला. त्या रात्री त्याची स्कूटर आमच्या प्लगला नव्हती.

मग गावातल्याच एका जाणत्या वायरमनला बोलावले. त्याने हत्यार काढण्याआधी कागद मागितला. मोटार ३.३ किलोवॅट, दोन वातानुकूलन यंत्रे मिळून ३, दोन स्कूटर मिळून दीड, आणि फ्रिज, पंखे व प्राणवायूचे यंत्र मिळून सुमारे ०.७. बेरीज साडेआठ किलोवॅट झाली. आमचा मंजूर भार होता चार! २३० व्होल्टवर साडेआठ किलोवॅट म्हणजे सुमारे ३७ अँपिअर. गाड्या येण्यापूर्वी हाच आकडा १६ होता. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. आमचा प्रवाह तर दुपटीहून अधिक झाला होता, म्हणजे उष्णता पाचपट. जुनी बारीक तार आणि सैल पडलेला स्क्रू यांना ती तासन् तास कशी सोसावी? गीझर क्षणभर चालतो आणि बंद होतो. मोटार मात्र रात्रभर ओढत राहते, हा फरक त्याने समजावून दिला.

मी विचारले, "वरच्या स्कूटरचे त्यात किती?"

"तीन अँपिअर," तो म्हणाला. "मोटारीचे चौदा."

सदतिसातले तीन ज्याचे होते, त्याला मी दोषी ठरवले होते. चौदा माझ्याच घरातले होते.

त्याच संध्याकाळी मी वर जाऊन त्या तरुणाची क्षमा मागितली. वयाने लहान माणसाची क्षमा मागताना जीभ जड होते, हे मी त्या दिवशी अनुभवले. तो संकोचून म्हणाला, "काका, आजी बऱ्या आहेत ना?"

पुढचे काम सोपे होते. मीटरपासून जाड तार ओढली. प्रत्येक गाडीला स्वतंत्र सर्किट, धक्का जिवावर बेतण्यापूर्वीच वीज तोडणारा स्विच आणि नीट अर्थिंग दिले. मंजूर भार वाढवून घेतला. विद्युत वाहनासाठी ग्राहकाने मागितल्यास वेगळी जोडणी देण्याची तरतूद केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमांत केली आहे, हेही तेव्हाच कळले. घराचा एकूण भार पाहून मोटारीचा प्रवाह आपोआप कमी करणारी उपकरणेही बाजारात आहेत.

तार जाड झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आता सगळ्या गाड्या एकदम लावता येतील." मी त्याला पुन्हा कागदावर बसवले. त्याची रोजची धाव चाळीस किलोमीटर. त्याला सहा युनिटे, म्हणजे दोन तास पुरेत. सूनबाईंच्या स्कूटरला दिवसाला एक युनिटही पुरेसे आहे. वरचा तरुण दिवसभर फिरतो. त्याला तीन युनिटे लागतात आणि त्याच्या लहान चार्जरला त्यासाठी चार तास हवेत. सर्वांत मोठ्या गाडीची गरज वरच्या लहान स्कूटरपेक्षा थोड्या वेळाची निघाली. शिवाय आमची तार जाड झाली म्हणून आळीचा ट्रान्सफॉर्मर मोठा झालेला नाही. उद्या प्रत्येक दारात दोन गाड्या उभ्या राहतील आणि साऱ्यांनी अकरा वाजता एकदम प्लग लावले, तर काय होईल?

म्हणून आमच्याकडे आता पाळी आहे. अकरा ते तीन वरची स्कूटर. साडेतीन ते साडेपाच मोटार. तिला वेळ लावून ठेवता येते, आणि तेवढा वेळ एक वातानुकूलन यंत्र बंद राहते. सूनबाईंची स्कूटर एक दिवसाआड दुपारी. प्राणवायूच्या यंत्राला पाळी नाही. ते सर्वांच्या आधी.

रात्री अकराला जिन्यावर पावले वाजतात, प्लग लावल्याचा आवाज येतो आणि मी दिवा मालवतो. पहिली पाळी कोणाला द्यावी, हे आजोबांना हिशेब न मांडताही कळत असे. मला मात्र त्यासाठी तार जाळावी लागली.