मडगार्ड

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी मी घराची घंटा वाजवली. सौभाग्यवतींनी दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि तितक्याच तत्परतेने लावून घेतले. ‘कोण पाहिजे आपल्याला?’ असा प्रश्न आतून आला.

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. चष्म्यापासून बुटांपर्यंत मी चिखलाने सारवून निघालो होतो. चाळिशी केव्हाच उलटलेला, मराठीचा प्राध्यापक म्हणवणारा हा गृहस्थ डोंगरातल्या सायकलशर्यतीहून परतत होता.

हा उद्योग माझ्या विद्यार्थ्यांचा. ‘सर, वीररस तुम्ही आम्हांला शिकवता, पण खुर्चीवर बसून!’ असे एकाने तासाला म्हटले आणि मी त्या क्षणी फसलो. सासवडच्या परिसरातल्या डोंगरांत दोन दिवसांची, चार टप्प्यांची शर्यत होती. वर्षभर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत फेऱ्या मारून मी तयारी केली. त्यासाठी घेतलेली सायकल घरात आली तेव्हा सर्वांनी तिच्या किमतीची चौकशी केली. बाबांनी मात्र तिच्या चाकावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, ‘मडगार्ड नाही हिला. शहाण्या माणसानं केलेली दिसते.’

त्या सायकलीचा इतिहासही मोठा मजेदार आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइस नावाच्या डोंगराजवळ काही तरुण जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन घड्याळ लावून उतार उतरू लागले. उतार असा की ब्रेकमधले ग्रीस जळून जाई, आणि फेरी संपली की नवे भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले. पुढे वीस वर्षांत, १९९६ साली, हा पोरखेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला! अशा खेळात माझ्यासारख्याने शिरावे, हे त्या खेळाचे केवढे औदार्य!

पहिला दिवस निभावला. रात्री पावसाने झोडपून काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा टप्पा सुरू झाला तेव्हा डोंगरउतारावरचा मुरूम मात्र पाणी पिऊन मोकळा झाला होता. टायरमधली हवा थोडी कमी केली होती, त्यामुळे चाके जमीन धरून चालली होती. मी चक्क दोघांना मागे टाकले. वीररस अंगात भिनू लागला. आणि वाट कऱ्हेच्या बाजूच्या काळ्या रानात उतरली.

काळ्या मातीचा चिखल ही काय चीज आहे, हे डांबरी रस्त्यावरच्या माणसाला सांगून कळायचे नाही. बेसाल्टचा खडक झिजून ही माती होते. तिच्यातल्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ती फुगते; उन्हाळ्यात आकसली की पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. पुरती ओली असली तर ती एक वेळ वाट देते. अर्धवट वाळलेली मात्र सोडत नाही. अर्धवट विद्वानाचेही असेच असते.

जाणते स्पर्धक डबक्याच्या मधून गेले. मी कपडे जपून कडेने गेलो. दहा हातांत चाक जाड झाले, वीस हातांत चिमट्याला घासू लागले, आणि मग ते फिरेचना. ‘सर, उतरा! गिअर मोडेल!’ विद्यार्थी पुढून ओरडला. पण मी पायडलवर उभा राहून जोर केला आणि सायकलीसकट आडवा झालो.

मग उठलो. काटकीने चिखल खरवडला, सायकल खांद्यावर घेतली आणि चालू लागलो. चौदा किलोंची सायकल, आणि अंगावरचा चिखल वेगळाच. दांडी खांद्याच्या हाडात रुतली, आणि १९८८चा पावसाळा माझ्यापुढे उभा राहिला.

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा शेजारच्या गावात. आम्ही मुले बांधाबांधाने पायी जात असू. बाबांची सायकल गाडीवाटेने येई, निम्मी वाट काळी, निम्मी खडीची. आषाढ लागला की बाबा पाना घेऊन दोन्ही मडगार्ड काढीत आणि माळवदाच्या तुळईला टांगून ठेवीत. मडगार्ड नसले म्हणजे चिखल कोंडत नाही, काटकीने निघतो. पण मागचे चाक त्यांच्या सदऱ्यावर मानेपर्यंत काळा पट्टा ओढी. फळ्याकडे वळले की वर्ग खुसखुसे. पोरांनी त्यांचे नाव ‘शेपटीवाले गुरुजी’ ठेवले होते.

मी पाचवीत होतो. एका संध्याकाळी मी रडत सांगितले, ‘तुमच्या पाठीवर शेपूट असतं. मी तुमच्या शाळेत येणार नाही.’ बाबा काही बोलले नाहीत. रात्री कंदिलाच्या उजेडात पान्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ते तासभर उशिरा आले. सायकल खांद्यावर, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर सदरा फाटलेला. मुख्याध्यापकांनी मुलांदेखत घड्याळाकडे बोट दाखवले. बाबा मान खाली घालून वर्गात आले आणि फळ्यावर तारीख लिहू लागले. त्यांची पाठ स्वच्छ, पांढरी होती. कोणी हसले नाही. मला कोण आनंद झाला!

तो सगळा पावसाळा मडगार्ड सायकलीवरच राहिले. ती सायकल वीस किलोंच्या घरातली असेल. बाबांनी ती किती दिवस खांद्यावर वाहिली, मी मोजले नाही. मी फक्त पाठ बघत होतो.

टप्पा मी पुरा केला. शेवटून दुसरा आलो. माझ्या मागच्या गृहस्थांची साखळी तुटली होती.

सौभाग्यवतींनी अखेर दार उघडले. बाबा गॅलरीत बसले होते. मला त्यांच्याशी पुष्कळ बोलायचे होते. वाटभर वाक्ये जुळवीत आलो होतो. पण मराठीच्या प्राध्यापकाला एक शब्द सुचेल तर शपथ! बूट काढायला मी त्यांच्याकडे पाठ करून वाकलो.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ओला पंचा माझ्या मानेला लागला.

‘अरे,’ बाबा हसत म्हणाले, ‘शेपूट आलं की तुला!’

आणि ते सावकाश माझी पाठ पुसू लागले.